सरांचा न फिरणारा गुच्छ

४ फेब्रुवारी
फिरतोय. कितीही तपासलं तरी तेच. गुच्छाच्या एका बाजूचे तारे आपल्याकडे सरकतात, दुसऱ्या बाजूचे लांब जातात — फार हळू, पण सगळे मिळून. सरांनी उभ्या हयातीत एकच गोष्ट ठासून सांगितली: हा तारकागुच्छ फिरत नाही. आतले लाखो तारे वाट फुटेल तिकडे धावतात, बस. आणि त्यांना खोटं पाडणार कोण, तर त्यांचीच विद्यार्थिनी. आनंद व्हायला हवा होता. ताट तसंच झाकून ठेवलं.

६ फेब्रुवारी
विभागप्रमुख खूश. 'लगेच छापायला पाठवा.' म्हटलं, आधी सरांच्या कानावर घालते. 'त्यांना आता काय कळणार?' म्हणाले. मी उठूनच आले.

९ फेब्रुवारी
सरांकडे. दार काकूंनी उघडलं. विसरणं वाढलंय म्हणाल्या. परवा चष्मा फ्रीजमध्ये सापडला. सरांचं उत्तर तयार — 'जरा थंड नजरेने बघावं म्हटलं.' मी हसले. काकू नाही हसल्या.

आज मला ओळखलं. जेवणाच्या टेबलावर आलेख पसरला. त्यावरून सावकाश बोट फिरवत राहिले.
'दुर्बिणीचा दोष?'
'तपासला, सर.'
'मधले परके तारे मिसळले नाहीत ना?'
'वगळलेत.'
आलेखाची घडी घातली, पुन्हा उघडली. 'म्हणजे मी चुकलो.'
'तेव्हाची यंत्रं—' मी सुरुवात केली.
'यंत्रांना नावं ठेवू नकोस.'
चहा तसाच गार झाला. निघताना पाठीवर हात ठेवला.

१० फेब्रुवारी
काकूंचा फोन. सर कालपासून कुणाशी बोलत नाहीत.

१६ फेब्रुवारी
आज सर एकदम खुशीत. 'ये, ये. काय म्हणतोय आपला गुच्छ? फिरत नाही ना?'
काही म्हणजे काही आठवत नव्हतं. काकूंकडे पाहिलं, तर त्या खिडकीबाहेर बघत होत्या. सांगितलं. सगळं पहिल्यापासून. तेच प्रश्न, त्याच क्रमाने. मग पुन्हा आलेखाची तीच घडी. 'म्हणजे मी चुकलो.' त्यांच्यासाठी पहिल्यांदाच. माझ्याने त्यांच्याकडे बघवेना.

काकू जिन्यापर्यंत आल्या. 'पुढच्या वेळी नाही फिरत म्हणून टाक गं. तुझं छापून येईलच. त्यांना तेवढं राहू दे.'

१९ फेब्रुवारी
लेख पाठवला. सरांशी खोटं बोलायचं, तर त्यांनीच शिकवलेलं सगळं मोडायचं. आणि खरं बोलायचं, तर दर आठवड्याला त्यांना नव्याने हरवायचं.

२३ फेब्रुवारी
सरांनी विचारलंच. मी म्हटलं, 'नाही सर. फिरत नाही.'
काकूंनी सुटकेचा निःश्वास टाकला. सर माझ्याकडे बघत राहिले. बोट रिकाम्या टेबलावर सावकाश फिरत होतं, त्या दिवशी आलेखावरून फिरलं होतं तसंच. कपाळावर आठी, अगदी वर्गातली.
'मग तुझंच काहीतरी चुकलंय,' म्हणाले. 'परत मोज.'