समासातलं नाव

४ मार्च
आले बाई एकदाची! धाकट्या बहिणीनेच इथल्या ग्रंथालयात मला पुस्तकबांधणीचं काम मिळवून दिलं. राहणंही तिच्याकडेच. खाली बेकरी आहे, सकाळी पावाच्या वासानेच जाग येते.

पहिलं काम म्हणजे मध्ययुगातलं एक जाडजूड काव्य, शिवण सुटलेलं. त्यात मेल्यावर जीव खोल्याखोल्यांतून जातो आणि ज्यात अडकला होता ते एकेका खोलीत उतरवून ठेवतो. रूप, आवाज, हात. दर बुधवारी धाकटी ते मंडळींना वाचून दाखवते. मग ज्या खोलीत आपला पाय अडेल, तिथे जो तो समासात पेन्सिलीने आपलं नाव लिहितो. स्वतःला ओळखायची युक्ती म्हणे! नियम एकच, नाव स्वतःचंच लिहायचं.

११ मार्च
धाकटी वाचते तेव्हा सगळे श्वास रोखून ऐकतात. ग्रंथपालांचे तर डोळे भरून आले. मी आठवडाभर खपून शिवलेल्या पुस्तकाकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. लहानपणापासून हेच. पाहुणे आले की हिने गायचं आणि मी कपबश्या उचलायच्या. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

१२ मार्च
सगळे जेवायला गेले होते. आवाजाच्या खोलीपुढे तिचं नाव लिहिलं, बारीक अक्षरात. गंमत म्हणून. खोटं कशाला बोलू, गंमत नव्हती.

१४ मार्च
धाकटीचा आवाज गेला. डॉक्टर म्हणतात, घशात काही दोष नाही. बिचारी वहीत लिहून बोलते.

१८ मार्च
आज मी वाचलं. टाळ्या! ग्रंथपाल म्हणाले, डोळे मिटले तर धाकटीच वाचतेय असं वाटतं. ती मागच्या खुर्चीवरून माझ्या तोंडाकडे बघत होती.

२० मार्च
आवाज तिचाच आहे. भाजी चिरत होते, तोंड मिटलेलं— आणि माझ्याच घशातून हाक आली, ताई.

२३ मार्च
रबर घेऊन बसले. पण परवा मोठं वाचन आहे, बाहेरगावची मंडळी येणार. तेवढं एक होऊ दे, मग पुसते.

पान उलटलं. हातांच्या खोलीपुढे धाकटीचं नाव, तिने स्वतः लिहिलेलं, जुनं. खाली एक ओळ. ताईसारखे हात मला का नाहीत, याचा हेवा वाटतो, म्हणून तिला जवळ बोलावतेय. रडू आलं. तरी रबर नाही चालवलं.

२५ मार्च
पुस्तक धाकटीकडे आहे. समोर बसलीय. आवाजाच्या खोलीचं पान बघितलं तिने— माझं अक्षर ती ओळखणार नाही होय?

घसा विचारतोय, मी नाही, ती विचारतेय— ताई, का गं?

हातांच्या खोलीचं पान काढलंय. स्वतःचं नाव खोडलं. पेन्सिल— अगं थांब, पुसते मी, आत्ता पुसते—

'ता' लिहिलं—

बोटं वळत ना