घोड्याची नाल आणि आईची झांज

इल्फर्ड,
८ जून २०२५

चि. अर्चनास अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन कर, फोन कर असं अवधूत म्हणतो. पण फोन कानाला लावला की माझं श्रवणयंत्र शिट्टी मारतं आणि तू तिकडे केंब्रिजला हॅलो हॅलो करत बसतेस. त्यापेक्षा आपली पन्नास वर्षांची पत्रंच बरी. शिवाय आज जे लिहायचंय ते फोनवर बोलण्यासारखं नाही. भिंतींनाही कान असतात, आणि माझ्या भिंतीपलीकडे पटेल राहतात.

विषय अवधूतचा आहे. माझा मुलगा माझ्यापासून काहीतरी लपवतोय.

गेल्या रविवारी रीडिंगला त्याच्याकडे गेलो होतो. दारातच अन्वी भेटली. नातीच्या डोक्यावर पांढरी टोपी आणि टोपीवर निळी घोड्याची नाल. आत फ्रीजवर तसलंच मॅग्नेट. मला वाटलं, आपल्याकडे दाराला काळ्या घोड्याची नाल ठोकतात तसा सूनबाईंनी शनीचा काही उपाय सुरू केला असावा. मी वैभवीला हळूच विचारलं की साडेसाती कुणाला लागली आहे. ते ऐकून अन्वीच पोट धरून हसली. मग तिने तिच्या मराठीत सांगितलं की आजोबा, हा शनी नाही, ही टीम आहे, अमेरिकन फुटबॉलचा टीम. गाव इंडियानापोलिस. टोपी नीनाआत्याने पाठवली.

इंडियानापोलिस म्हटल्यावर माझं जेवणातलं लक्ष उडालं. तुझी नीना तिथे. तिला या घरच्या पोरीला एकदम टोपी पाठवायची बुद्धी का व्हावी? जेवण झाल्यावर अवधूत फोन घेऊन गार्डनमध्ये गेला. मला कमी ऐकू येतं हे खरं, पण नको ते बरोब्बर ऐकू येतं. तो दोनदा शिपिंग म्हणाला आणि एकदा कंटेनर. मी बाहेर डोकावलो तर म्हणाला, ऑफिसचं काम आहे, बाबा. वैभवीने लगेच चहा टाकला. तिने न विचारता चहा टाकला की समजावं, पाणी मुरतंय.

माझा पक्का संशय आहे की नीना त्याला तिकडे ओढते आहे. तू तिची आई, आडून विचारून बघ. तुझी आशावहिनी गेल्यापासून माझं इथे आहे कोण? रीडिंगला तो आणि केंब्रिजला तू. तो गेला तर या घरात मी आणि टीव्ही. मला भीती वाटते, अर्चना. तुझ्याशिवाय हे कुणाला सांगू?

लोभ आहेच, त्यात थोडी हेरगिरी मिळव.
तुझा,
दादा

केंब्रिज,
१५ जून २०२५

ती. दादास सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसू आलं, मग वाईटही वाटलं. तुझा स्वभाव लहानपणापासून असाच. मागे पटेलांचं मांजर रोज तुझ्या खिडकीत बसायचं, तर त्यांनी ते मुद्दाम पाठवलंय असं तू मला दोन पानं भरून लिहिलं होतंस. आता तेरा वर्षांच्या पोरीच्या टोपीवर संशय! उद्या तिच्या मोज्यांची झडती घेशील.

तू सांगितलंस म्हणून नीनाला विचारलं, आणि आडून नाही, सरळच. अवधूत तिकडे राहायला येणार आहे का? ती म्हणाली, आई, देवाशपथ, त्याचा तसा काहीही विचार नाही. आता माझ्यावर विश्वास ठेव आणि विषय सोड.

माझं बरं चाललंय. मंगळवारी बाथरूममध्ये पाय घसरला, पण काही विशेष नाही, कोपर नुसतं निळं झालंय. हिवाळ्यातल्यासारखं नाही. कपाटातली पुस्तकं चॅरिटी शॉपला देऊन टाकली, धूळ फार व्हायची. मोगऱ्याची कुंडीही शेजारच्या बाईंना दिली. त्यांच्या खिडकीत ऊन चांगलं येतं.

आईची झांज तुझ्या देवघरातच आहे ना? सहज आठवण झाली.

लोभ असावा, संशय नसावा.
तुझी,
अर्चना

इल्फर्ड,
२९ जून २०२५

चि. अर्चनास अनेक आशीर्वाद. वि. वि.

विषय सोड म्हणालीस, म्हणून मी लायब्ररीत गेलो.

काउंटरवरच्या मुलीला सांगितलं की मला नालवाल्या टीमचा इतिहास हवा. तिने दुसऱ्या शाखेतून जाडजूड पुस्तक मागवून दिलं. खेळ मला अजून कळलेला नाही. त्याला फुटबॉल का म्हणतात हे त्यांचं त्यांना ठाऊक, चेंडू सगळा वेळ हातात आणि बाकीचे एकमेकांच्या उरावर. पण इतिहास कळला, आणि कळल्यापासून मला झोप नाही.

ही टीम मुळात इंडियानापोलिसची नव्हेच. ती बाल्टिमोरची. त्रेपन्न साली तिथे सुरू झाली. अठ्ठावन्न साली न्यूयॉर्कवाल्यांशी बरोबरी झाली म्हणून जादा वेळ खेळून त्यांनी अजिंक्यपद मिळवलं, तर अख्खं गाव वेडं झालं. सकाळी गोदीत आणि कारखान्यात राबणारी माणसं रविवारी या टीमसाठी घसा बसेपर्यंत ओरडायची. पुढे मालक बदलला. नव्या मालकाचं आणि गावाचं स्टेडियमवरून वाजलं. टीम हलणार अशी कुजबुज सुरू झाली, तेव्हा तो सगळ्यांसमोर म्हणाला की टीम हलवायचा माझा मुळीच इरादा नाही. आणि दोन-अडीच महिन्यांत, चौऱ्याऐंशीच्या मार्चमध्ये, बर्फ पडत असताना ट्रक आले, रातोरात सामान भरलं आणि पोलिसांनी अडवू नये म्हणून वेगवेगळ्या रस्त्यांनी निघून गेले. गाव सकाळी उठलं तर टीम नाही. नाल मात्र तीच, आता दुसऱ्या गावाची.

एवढं वाचलं आणि पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी न कळवता रीडिंगला गेलो. व्हाइटचॅपलला गाडी बदलली, वाटेत काय बोलायचं ते ठरवलं. अवधूत गॅरेजमध्ये होता. आत खोकी, अर्चना! छतापर्यंत खोकी, टेप लावलेली. मला पाहून तो त्यांच्यापुढे असा उभा राहिला, जणू त्याच्यामागे ती सगळी लपणारच होती. म्हणाला, वैभवीच्या मैत्रिणीचं सामान आहे. मग आत नेऊन, माझा हात हातात धरून म्हणाला, बाबा, आम्ही कुठेही जात नाही.

तो मालकही हेच म्हणाला होता.

नीनाने देवाची शपथ घेतली, पण कोणत्या देवाची ते विचारलंस का? तू भोळी आहेस. तुला सगळे खरंच सांगतात असं वाटतं तुला.

झांज देवघरातच आहे, कुठे जाणार? गणपती जवळ आले की चिंच लावून घासतो.

कोपराला हळद लाव आणि माझ्यावर रागावू नकोस.
तुझा,
दादा

केंब्रिज,
६ जुलै २०२५

ती. दादास सा. न. वि. वि.

अवधूतवर आळ घेऊ नकोस रे. इतका गुणी मुलगा दिवा घेऊन शोधला तरी मिळणार नाही. तो बिचारा दोन्हीकडून कात्रीत सापडलाय. म्हणजे ऑफिस आणि घर, असं म्हणायचंय मला.

गॅरेजमध्ये पुन्हा जाऊ नकोस. तिथली फरशी गुळगुळीत आहे आणि आपल्या वयाला पडणं परवडत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

पुस्तक मात्र अर्धवट टाकू नकोस. शेवटपर्यंत वाच. नीना एकदा सांगत होती की टीम निघून गेल्यावर मागे राहिलेल्यांची गोष्टच जास्त चांगली आहे. तुला आवडेल असं मला वाटतं.

या महिन्यात माझं इल्फर्डला येणं जमणार नाही, घरात जरा आवराआवर काढली आहे. मनात मात्र रोज तुझ्याकडेच असते. तू वेळेवर जेवतोस ना? रोज नुसत्या खिचडीवर भागवू नकोस.

तुझ्या रागासकट सगळा लोभ हवा आहे.
तुझी,
अर्चना

इल्फर्ड,
२० जुलै २०२५

चि. अर्चनास आशीर्वाद.

काल पुन्हा रीडिंगला गेलो. ते तिघं बाजारात गेले तेव्हा गॅरेजचं दार लोटलेलं होतं. समोरच्याच खोक्याची टेप सोडवली.

वर निळा टॉवेल. आत आईची लोणच्याची बरणी, पिवळ्या पट्ट्याची, झाकणाला तू बांधतेस तसा फडका आणि त्यावर सुतळी. आई गेल्यापासून ही बरणी तुझ्या स्वयंपाकघरातून कधी हललेली नाही. मी ती तशीच ठेवली, टेप परत लावली आणि दिवाणखान्यात येऊन बसलो. अवधूत आला. त्याला काही विचारलं नाही. घरी निघून आलो.

मी अवधूतवर संशय घेतला, वैभवीच्या चहावर घेतला, नीनाच्या देवावर घेतला, पोरीच्या टोपीवर घेतला. तुझ्यावर घेतला नाही. ज्या माणसाला सगळं लिहीत होतो त्याच्यावर कोण संशय घेतो?

आता तू लिही.
दादा

केंब्रिज,
२४ जुलै २०२५

ती. दादास सा. न. वि. वि.

हो, मी जाते आहे. वीस ऑगस्टचं विमान आहे, हीथ्रोहून.

ग्रीन कार्डचं काम नीनाने दीड वर्षापूर्वीच सुरू केलं होतं, माझंच मन तयार होत नव्हतं. या हिवाळ्यात बाथरूममध्ये पडले ते तुला सांगितलं, पण अर्धा दिवस तशीच पडून होते हे नाही सांगितलं. शेजारच्या बाईंना नळाचा आवाज ऐकू येत राहिला म्हणून त्यांनी दार उघडवलं. तेव्हापासून नीना रोज रडते. ती एकटीच मुलगी माझी. तिच्याकडे खालच्या मजल्यावर खोली आहे, बाथरूमला दांड्या बसवून घेतल्यात. मी नाही म्हणू शकले नाही, दादा. खरं सांगायचं तर मलाही आता एकटीने अंघोळीला जायची भीती वाटते.

अवधूतला मीच गळ घातली की बाबांना सांगू नकोस, मी स्वतः सांगेन. तो कंटेनरची सोय बघत होता. प्रत्येक वेळी फोनवर म्हणायचा, आत्या, आता सांगा, मला बाबांच्या तोंडाकडे बघवत नाही. मी प्रत्येक पत्राला बसताना ठरवायची की आज लिहीन, आणि तुझं पत्र समोर ठेवलं की त्यात तू म्हणायचास, अवधूत गेला तर माझं कोण. मग मी मोगऱ्याच्या कुंडीवर घसरायची. तुला सांगितलं असतं तर तू एकदा नुसतं नको म्हणाला असतास आणि मी राहिले असते. गणपतीपर्यंत थांबले असते तरीही राहिले असते, म्हणून तारीख आधीची घेतली.

एक मागणं आहे. मागायला तोंड नाही, तरी मागते. आईची झांज मला देशील? तिथे मराठी मंडळी आहेत, आरती होते. हातात तेवढी असली तर परक्या घरात पाय टेकल्यासारखं वाटेल. पुढच्या शनिवारी, दोन तारखेला, अवधूतला तुझ्याकडे पाठवते.

लोभ राहील का, हे विचारायचंही धाडस होत नाही.
तुझीच,
अर्चना

इल्फर्ड,
३ ऑगस्ट २०२५

चि. अर्चनास अनेक अनेक आशीर्वाद. वि. वि.

आठ दिवस मी फार चिडलो होतो. मग रडलो. पटेलांनी भिंतीवर टकटक करून सगळं ठीक आहे ना विचारलं, तेव्हा थांबलो. अर्धा दिवस फरशीवर पडून होतीस आणि मला कळवलं नाहीस, याचा राग जायला वेळ लागेल. जाण्याचा राग गेला. नीनाला सांग, दांड्या दोन्ही बाजूंना हव्यात.

तू म्हणालीस म्हणून पुस्तक शेवटपर्यंत वाचलं. त्या टीमचा एक बँड होता, ढोल-कर्णेवाला, गावातल्याच हौशी माणसांचा. टीम पळाली तेव्हा बँडचे गणवेश धुलाईला गेले होते, म्हणून ते ट्रकमध्ये चढले नाहीत. बँडवाल्यांनी ते गुपचूप उचलले आणि लपवले कुठे, तर चक्क दफनभूमीत! आणि मग वाजवत राहिले. टीम नाही, सामना नाही, तरी बारा वर्षं कुणाच्या मिरवणुकीत, कुणाच्या मैदानात वाजवत राहिले. शेवटी गावाला दुसरी टीम मिळाली. तीही कुठलं तरी दुसरं गाव सोडून आलेली, पण ते जाऊ दे.

काल अवधूत झांज न्यायला आला. देवघरात नव्हती. त्याने माळा पाहिला, पलंगाखाली पाहिलं, मी आत गेलो तेव्हा फ्रीजसुद्धा उघडला. बाबा, ती गेली कुठे, म्हणून तीनदा विचारलं. मी न विचारता चहा टाकला. त्याचा संशय आहे माझ्यावर, आणि तो अगदी बरोबर आहे.

झांज तुला मिळणार नाही, अर्चना. बरणी ने, टॉवेल ने, तिकडे जाऊन नालवाली टोपी घालून मिरव. विसाला मी हीथ्रोवर येईन, तुझी पिशवी धरीन आणि शहाण्या भावासारखा हात हलवीन. पण आईची झांज इंग्लंडातून हलणार नाही. ती कुठे आहे ते मी अवधूतला सांगणार नाही, अन्वीला नाही, पत्रात तर नाहीच. यंदाच्या आरतीला मीच वाजवीन. माझा ताल चुकतो हे तुला माहीत आहे. पटेलांनाही माहीत होईल.

ते बँडवाले बारा वर्षं थांबले. मी शहात्तरचा आहे, मला तेवढं जमणार नाही. पुढच्या गणपतीला ये, घरभर शोध, आणि सापडली की वाजव.

लोभ इथेच ठेवला आहे, झांजेशेजारी.
तुझा,
दादा