सहदेवमामांच्या शंका

॥ श्री एकवीरा प्रसन्न ॥
कोलशेत, ठाणे
२० जून १९९७

चि. सौ. मंजुळा हिस मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र शेजारच्या पंढरीच्या हाती देतोय. तो डोंबिवलीला एमआयडीसीत फर्स्ट शिफ्टला जातो, जाताजाता तुझ्याकडे टाकेल. माझा पाय अजून प्लास्टरमध्येच आहे. बंदरावरच्या चिखलात आपटलो ते आपटलो, वर डॉक्टर म्हणतो जिने चढायचे नाहीत. म्हणजे तुझे तीन मजले मला बंद. आणि तुला पलंगावरून उतरायची बंदी, असं तुझ्या आईने कळवलंय. मागल्या खेपेला सहाव्या महिन्यातच सगळं हातचं गेलं. आताही सहावाच चालू आहे, तेव्हा बाय, हट्ट करू नकोस.

तू दिलेला जुना कॉम्प्युटर धूळ खात होता. बसून बसून कंटाळलो आणि त्यातला तो बेटांचा खेळ लावला. तुझ्याकडेही तो आहेच, म्हणून विचारतो. मला चार बेटं आणि सहा होड्या मिळाल्या. एक चाल म्हणजे एक महिना, एवढं समजलं. जून लागला तशा मी होड्या बंदरात ओढल्या आणि तीन चाली नुसतं ‘चाल संपली’ दाबत बसलो. नारळी पौर्णिमा होईपर्यंत होडी बाहेर काढायची कशी? तर तो मेला शत्रू भर जुलैत आला आणि माझी दोन बेटं घेऊन गेला. त्याला पाऊस लागत नाही का? उत्तर सविस्तर लिही, मला घाई नाही.

सोबत सुकट आहे. प्रकृतीला जप आणि मामाला विसरू नकोस.

तुझा मामा,
सहदेव

---

डोंबिवली (पूर्व)
२३ जून १९९७

ती. स्व. सहदेवमामांस मंजुळाचा सा. न. वि. वि.

अहो मामा, तुमचं पत्र वाचून इतकी हसले की आई स्वयंपाकघरातून धावत आली. हसू नकोस, पोट हलतं, म्हणाली. हा खेळ करणाऱ्यांनी आपला पावसाळा कधी बघितलाय? त्यांच्या समुद्रात बारा महिने वारा सारखाच. तुम्ही होड्या बंदरात ठेवल्यात तर शत्रूला वाटणार, मालक झोपलाय.

आता नीट ऐका. आधी प्रत्येक बेटावर एक तरी गढी बांधा. होडीवर माऊस नेऊन दाबलं की ती किती घरं पुढे जाऊ शकते ते दिसतं. नवीन बेट दिसलं म्हणून लगेच उतरू नका, आधी एक होडी नुसती फिरवून आणा. आणि दर चालीनंतर डाव सेव्ह करत जा, म्हणजे चुकलं तर मागे येता येतं.

आम्हाला मात्र मागे येता येत नाही हो मामा. दिवसभर छताकडे बघत असते. ह्यांनी पलंगाशेजारी टेबल ओढून कॉम्प्युटर ठेवून दिलाय, तेवढाच आधार. अजून काही अडलं तर जरूर विचारा.

पाय जपा, आणि आशीर्वाद देत राहा.

तुमची भाची,
मंजुळा

---

कोलशेत
५ जुलै १९९७

चि. सौ. मंजुळास अनेक आशीर्वाद.

गढ्या बांधल्या. पण मला त्या बेटांची नावं तोंडात बसेनात. काय ती इंग्रजी नावं, उच्चार करताना दातच पडायचे. त्यांना आपली नावं देता येतील का? आणि एक शंका. वारा मला माझ्या हाताने बदलता येईल का? जून ते ऑगस्ट कोणाचीच होडी हलू नये, माझी नाही आणि त्याचीही नाही, असा न्याय पाहिजे. कंपनीच्या स्टोअरमध्ये पस्तीस वर्षं रजिस्टरं लिहिलीत, एक फाईल मला जड नाही. फक्त कुठे हात घालायचा ते सांग.

खाडीला यंदा चिवणी मासे बरे आहेत, पण पंढरीच्या डब्यातून ओले पाठवायचे म्हणजे शिफ्टवर त्याला कोणी दारात उभं करणार नाही. तू आता झोपून आहेस ना? पंढरी सांगत होता, तू दारापर्यंत आलेली. तसं करू नकोस गं.

तब्येतीचं लगेच कळव, माझा जीव तिकडे आहे.

मामा

---

डोंबिवली
१४ जुलै १९९७

ती. स्व. मामांस सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, रागावू नका. परवा आई बाजारात गेलेली, पाऊस आला, म्हणून मी गॅलरीतले कपडे काढायला उठले. चार कपडे, मामा, चारच. संध्याकाळी रक्त दिसलं. डॉक्टरीणबाई घरी आल्या. बाळाचे ठोके ठीक आहेत, पण पुन्हा उठलीस तर माझी जबाबदारी नाही, असं सुनावून गेल्या. आई रडली. मी दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होते. मला वाटतं, ह्याही वेळी मी काहीतरी चुकवणार. नुसतं पडून राहणं एवढंच काम आहे आणि तेही मला जमत नाही.

तुमच्या शंकेचं लिहिते, म्हणजे डोकं तरी तिकडे जाईल. खेळाच्या फोल्डरमध्ये ‘रूल्स’ नावाची साधी फाईल आहे. आधी तिची एक नक्कल करून बाजूला ठेवा, हे विसरलात तर मला बोलायचं नाही. मग ती उघडा. त्यात बेटांची नावं एकाखाली एक आहेत, ती खोडून आपली लिहा. त्याखाली बारा आकडे आहेत, तो बारा महिन्यांचा वारा. सहावा, सातवा, आठवा आकडा शून्य करा.

मनातलं तुम्हालाच लिहिलं. आईला काही बोलू नका.

मंजुळा

---

कोलशेत
१७ जुलै १९९७

चि. सौ. मंजुळास पोटभर आशीर्वाद.

पत्र वाचलं. तू काही चुकवलेलं नाहीस. चार कपडे काढणं हा गुन्हा नाही, पण आता भिजू देत कपडे. उन्हात पुन्हा वाळतात.

वारा शून्य केला. जून लागताच सगळ्या होड्या जागच्या जागी थांबल्या. शत्रूही आपला घरी बसला. एका बेटाला कोलशेत नाव दिलंय, एकाला बाळकूम, एकाला तुझं. पण आता नवीन घोळ. तीन महिने होड्या उभ्या, तर माणसांनी करायचं काय? बसल्या बसल्या त्यांचं बळ वाढेल असं करता येतं का? आणि गढी एका मजल्याची दोन मजल्यांची कशी करतात? माझी काही उंच होईना. मी फ्लॉपी पाठवतो, तू डाव बघ आणि रोज थोडं थोडं लिहून ठेव. पंढरी दर सोमवारी येईल आणि मागून नेईल. मला समजायला वेळ लागतो हे धरून चाल.

पडून राहा बाय. वाट बघतोय.

मामा

---

डोंबिवली
११ ऑगस्ट १९९७

ती. स्व. मामांस सा. न. वि. वि.

मामा, तुम्ही लबाड आहात!

गेले तीन सोमवार मी तुम्हाला पानंच्या पानं लिहून पाठवली. गढी कशी वाढवायची, बळाचा आकडा कुठे असतो, दोन होड्या एकत्र कशा न्यायच्या हे सगळं आकृत्या काढून दाखवलं. रोज सकाळी उठले की तुमची आजची शंका, उद्या दुसरी. आणि ह्या सोमवारी तुम्ही चुकून दुसरीच फ्लॉपी दिलीत. सुकटीचा वास आला म्हणून तुमचीच आहे हे कळलं. तिच्यात एक सेव्ह केलेला डाव आहे. चौदाच्या चौदा बेटं तुमची, सगळ्या गढ्या तीन मजली. तारीख ३ जुलै. तुमच्या कॉम्प्युटरची तारीख मीच लावून दिलेली, ती चुकायची नाही.

म्हणजे १७ जुलैला गढी उंच होत नाही म्हणून रडत होतात, त्याच्या दोन आठवडे आधी तुम्ही खेळ जिंकून बसला होतात! आधी मला राग आला. मग रडू आलं. आई विचारत होती काय झालं, मी सांगितलं डोळ्यात काहीतरी गेलं. आठवा महिना लागलाय मामा. एवढं पुढे मी कधी आले नव्हते. पण का केलंत हे? खरं काय ते कळवा.

तुमच्यावर रुसलेली, तरी तुमचीच,
मंजुळा

---

कोलशेत
१६ ऑगस्ट १९९७

चि. सौ. मंजुळास अनेक आशीर्वाद.

पकडलंस. खरं तेच लिहितो, एकदाच लिहितो.

तुझ्या चंद्रभागा मामीला आमच्या लग्नाच्या तिसऱ्या वर्षी दिवस गेलेले. तिलाही सुईणीने पडून राहायला सांगितलं होतं. भर पावसाळा, कामावर जाऊन आलो की मी मोकळाच. पण मी घरात बसलो नाही. बंदरावर पत्ते कुटत बसायचो. बायकांच्या गोष्टीत पुरुषाने काय बसायचं, असं तेव्हा वाटायचं. ती दिवसभर एकटी आढ्याकडे बघत पडायची. मी आत आलो की माझ्या तोंडाकडे बघायची, आणि मी जेवायला वाढ म्हणून आईला, वहिनीला, कोणालाही हाक मारायचो, पण तिच्याशी बोलायचो नाही. सातव्यात मूल गेलं. नंतर आम्हाला झालं नाही. मामी गेली तोपर्यंत आम्ही दोघांनी त्याचा विषय काढला नाही. तिला कसं वाटतंय, एवढंसुद्धा मी कधी विचारलं नाही. काय विचारावं ते सुचलंच नाही गं. तुला विचारायला कॉम्प्युटर तरी होता.

तुझे तीन मजले चढता येत नव्हते. म्हणून शंका पाठवल्या.

रुसवा सोड. आणि शंका संपल्या असं समजू नकोस.

सहदेवमामा

---

डोंबिवली, प्रसूतिगृह
२१ सप्टेंबर १९९७

ती. स्व. मामांस सा. न. वि. वि.

मुलगी झाली. परवा सकाळी सव्वासहाला. सव्वादोन किलो, जरा लहान आहे, पण आवाज असा की शेजारच्या खोलीतल्या बाई बघायला आल्या. दोघी सुखरूप आहोत. हे तर तिला हात लावायलाच घाबरतात, लांबून बघून हसतात. मला अजून खरं वाटत नाही. झोप लागली की दचकून उठते आणि ती आहे ना, ते बघते. ती असते, मामा.

तुमचं मागचं पत्र मी कोणाला दाखवलं नाही. मामींची खूप आठवण येते. मंगळवारी आम्ही घरी जाऊ. तुम्ही तिला बघायला कधी येताय?

तुमच्या वाटेकडे डोळे लावून,
मंजुळा

---

कोलशेत
२३ सप्टेंबर १९९७

चि. सौ. मंजुळास आणि तिच्या लेकीस मामाचे आशीर्वाद.

पत्र पंढरीने दारातूनच ओरडत आणलं. मी दोनदा वाचलं, मग त्याला वाचून दाखवलं, मग तो गेल्यावर चंद्रभागेच्या फोटोसमोर बसून मोठ्याने वाचलं. इतक्या वर्षांत तिच्याशी एवढं बोललो नव्हतो.

प्लास्टर निघालंय. रविवारी येतोय. तीन मजले आहेत, दर मजल्यावर बसेन, पण चढेन. एक मात्र तू आधी लिहून पाठव. एवढं लहान मूल मी आयुष्यात हातात घेतलेलं नाही. डोक्याखाली कोणता हात घालतात? किती घट्ट धरायचं? ती रडली तर काय करायचं? सावकाश, सविस्तर लिही. ह्या वेळी सोंग नाही, बाय. मला खरंच येत नाही.

तुझा मामा,
सहदेव