हार्नेस शंभर किलोचा

१० नोव्हेंबर

हाइट पास, म्हणजे उंचावर चढायचा परवाना, नाकारला.

दाब-तापमान मोजणारे माझे तीन ट्रान्समीटर प्लांटमधल्या चाळीस मीटर उंच कॉलमच्या माथ्यावर आहेत. अडीच वर्षं त्यांचे आकडे खाली स्क्रीनवर बघते आहे. जानेवारीच्या शटडाऊनला स्वतः वर जाऊन तपासायचे ठरवलं होतं. पास नाही तर मी खाली, आणि वर दुसरं कोणीतरी.

सेफ्टीचे भूपेंद्रभाई अगदी शांतपणे म्हणाले, "बेन, हार्नेस सो किलोनो. पंदर किलोना ओजार. बाकी पंच्यासी." शंभरातून अवजारांचे पंधरा गेले, उरले पंच्याऐंशी; माझं वजन एकोणनव्वद. वजाबाकी बरोबर होती, म्हणून भांडता आलं नाही. याचाच जास्त राग आला.

१६ नोव्हेंबर

जिम लावली. चार किलो नुसतं चालूनही जातील, पण अवजारांची पिशवी घेऊन उभी शिडी चढायला हातापायांत जोर हवा. म्हणून बारबेल. बायकांची वेळ दुपारी, तेव्हा मी हजीऱ्याला प्लांटवर. म्हणून संध्याकाळी पुरुषांत. बघतात. बघू देत.

२७ नोव्हेंबर

या भुकेबद्दल कोणी सांगितलं नव्हतं. पोटात नाही, मांड्यांत लागते. जेवून उठले की पुन्हा लागते. ट्रेनर म्हणतो, खाणं निम्मं करा. केलं. एक भाकरी, पातळ वरण, काकडी. मग आईकडे अजून एक भाकरी मागितली.

"लोकं बारीक होवाले खानं सोडतस, तू दुप्पट मांगस!" शेजारच्या सरलाबाईंना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

५ डिसेंबर

कंपनीच्या बसमधून उतरले ती थेट पोंकच्या लारीपुढे; इथे हातगाडीला लारीच म्हणतात. पोंक म्हणजे ज्वारीचा कोवळा हुरडा, वर लिंबू-मिऱ्याची शेव. मग नुसतीच शेव. उभ्या उभ्या. घरी येऊन पुन्हा जेवले.

लाज नाही वाटली. संताप आला. मागच्या आठवड्यात उचललेलं वजन काल जमिनीवरून हललं नव्हतं. मशीनला निम्मं इंधन द्यायचं, पूर्ण लोड मागायचा आणि ट्रिप होऊन बंद पडली की मशीनलाच शिव्या द्यायच्या — प्लांटमध्ये असं कोणी केलं असतं तर मी त्याला सोडलं नसतं. आणि इथे गेले दोन-तीन आठवडे स्वतःशी तेच करते आहे.

निम्मं खाणं बंद. थोडंच कमी करायचं. वजन सावकाश उतरेल. उतरू दे.

८ डिसेंबर

सकाळी मोड आलेली मटकी आणि दही, पोटभर. ऑफिसात अकरा वाजता बिस्किटांकडे लक्षही गेलं नाही. मुख्य जेवण जिमहून आल्यावर. भूक आहे, पण आता ती ओरडत नाही.

घरात अंडं चालत नाही. म्हणून जिमच्या कोपऱ्यावरच्या लारीवर, नुसती उकडलेली खाते. लारीवाला तव्यावर बटरमध्ये अंड्यांचा 'घोटाळा' घोटतो आणि मला विचारतो, "बेन, एकला बाफेला? मजा नी आवे." मजेसाठी येत नाही, म्हटलं.

१४ डिसेंबर

सरलाबाई: "बारीक दिसायला लागलीस गं. कुठलं स्थळ? अमळनेरचं का?"

मी म्हटलं, हजीऱ्याचं. चाळीस मीटर उंच आहे.

त्या आईला सांगायला गेल्या.

१८ डिसेंबर

दहा दिवस काटा हलत नाही. आज भाकरी मोडली तर आत तुपाचा थर! दोन भाकऱ्या एकमेकींवर दाबून मध्ये लपवलेलं. मी ताट सरकवलं. फार बोलले. मोजून खाते, आकडे लिहिते, आणि तू त्यातच खोट घालतेस.

आई चुलीकडे तोंड करून म्हणाली, "तू भुकी बठस ते माले देखवत नही, नूतन."

मी सरकवलेलं ताट पुन्हा पुढे ओढलं.

मग म्हटलं, तूप लपवू नकोस. चमच्यात दे, मी तेवढं दुसरीकडे कमी करेन. ती म्हणाली, उद्यापासून कळण्याची भाकरी करते, तिच्यात उडीद असतात, ती पोटात बसून राहते. हे मला तिला आधीच विचारता आलं असतं.

२३ डिसेंबर

योगराज माझ्याच बॅचचा, कंपनीत माझ्याबरोबरच लागलेला. त्याने आज नेमप्लेट न वाचता एका ट्रान्समीटरला चुकीची रेंज टाकली. मी झापलं: हात लावायच्या आधी पाटी वाचायची, एवढं तरी शिकला असशील. तो हसला. "अगं, घाईत होतो. वर फ्लेअरच्या चिमणीवर जायचं होतं."

वर? हाइट पास आहे तुझ्याकडे?

"दोन वर्षांपासून."

वजन किती?

"कोणाला माहीत? शंभरच्या आसपास असेल. मला कोणी विचारलं नाही."

लंचमध्ये त्याला मेडिकल रूममध्ये नेऊन काट्यावर उभं केलं. शहाण्णव. भूपेंद्रभाईंसमोर आकडा ठेवला. ते म्हणाले, "योगराज तो अनुभवी छे." अनुभवाचं वजन वजा होतं वाटतं.

संध्याकाळी जिममध्ये कधी नाही एवढं उचललं.

१५ जानेवारी

काल उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, सगळी चाळ गच्चीवर, पुढ्यात उंधियू. मीही खाल्लं, एक वाटी, सावकाश. आज काटा: चौऱ्याऐंशी पूर्णांक सहा. आई म्हणाली, "आते तरी धड जेव."

१९ जानेवारी

पासवर सही झाली. उद्या सकाळी चढायचं.

२० जानेवारी

स्टोअरमधून हार्नेस मिळाला. पास नसेल तर तो हातातही देत नाहीत, आणि मीही कधी दाखवा म्हटलं नाही. घालण्याआधी सवयीनं शिवणीतली पाटी उलटली. कमाल भार: एकशे चाळीस किलो.

भूपेंद्रभाईंना दाखवली. म्हणाले, "ए तो नवा छे. सो वाळा जूना हता." दोन वर्षांपूर्वीच बदललेत म्हणे.

मी बकल आवळले. चढले. तिन्ही पाट्या वाचल्या, तिन्ही तपासले, उतरले.

भूक प्रचंड लागली होती. आईनं डब्यात चार भाकऱ्या दिल्या होत्या, मध्ये तूप. मोजलं नाही.