कातरणीच्या गाण्याचं शेवटचं कडवं

अप्पा, तुम्हाला जाऊन चाळीस वरसं झाली, आन् आता बेंगळूरच्या मैदानात हजारो पोरं तुमचं मेंढरं कातरायचं गाणं म्हनायलेत. मी माझ्या डोळ्यानं बघितलं. पयल्या रांगेत खुर्ची होती मला, लई मऊ. माझ्या नातीचा ब्यांड हाय. लग्नातला न्हवं, मीबी तसंच समजून इचारलंतं, "वरात कुणाची गं?" चौघं हायेत, दोन गिटारं, एक ढोल, आन् गाती ही आमची. आधी कोलारला एका रिकाम्या गोदामात पत्र्याखाली घामाघूम होऊन वाजवायची. राखणदार म्हनायचा, "अक्का, मशीन बिघडली का?" मग हैदराबादला एका हाटेलाच्या तळघरात. वीस माणसं, त्यातली निम्मी जेवायलती. लेक म्हनायची, नोकरी बघ. मी गुपचूप भाकऱ्या बांधून द्यायचे.

एकदा भाकरी थापता थापता तुमचं गाणं तोंडात आलं, तर नात हटूनच बसली, "अज्जी, पुरं म्हन." पुरं कुठनं म्हनू? कातरणीच्या दिवशी बाया मेंढवाड्याच्या बाहेर. शेवटच्या मेंढीला म्हनायचं कडवं बाईच्या कानावर पडू द्यायचं न्हाई, अशी आपली रीत. मी कुडाला कान लावून बसायचे आन् तुम्ही नेमकं तिथंच ओरडायचा, "पोरी, कामून बसलीस? जा, पाणी आण!" घागर घेऊन येस्तोवर मेंढी उठून गेलेली असायची. माझ्या भावाला, अण्णाला, येत होतं. मेंढरं इकून तो पुण्याला बांधकामावर गेला. मी फोनवर इचारलं, तर हसला. "बायांचं न्हाई ते, येडे." पुढच्या पावसाळ्यात तोबी गेला, कडवं घेऊन.

मग मी नातीला माझंच दिलं. पाण्याला जाताना, तुम्ही आत काय म्हनत असाल म्हणून जुळवलेलं:

काळे माझे मेंढी, तुझी लोकर गेली सारी,
ये पदराखाली, वारं सुटलंय दारी.

तेवढंच लोकांनी उचललं. पेपरात आलं, टीव्हीवर आलं. नात माइकवर सांगती, "माझ्या पणजोबाचं हाय," आन् पोरं डोळे पुसतेत. अप्पा, कातरणाऱ्या गड्याला पदर कुठला? एवढ्या माणसांत एकाच्याबी ध्यानात आलं न्हाई. आपल्या गावात मेंढरू उरलं न्हाई, कातर धरणारा हात न्हाई, "ह्ये न्हवं ते" म्हणून ओरडायला कुणी न्हाई. उद्या मी खरं सांगितलं तरी त्या जागी ठेवू काय? तुमचं कडवं आता कुणीच, कधीच म्हननार न्हाई.

ह्ये नातीच्या जुन्या वहीत लिहायलेय. पान फाडीन. धाडायचं तरी कुठं? पर एक सांगते. मैदानातली सगळी पोरं ते कडवं म्हनायलती, तवा मी उभी राहून टाळ्या वाजवल्या, आन् तुमची आठवण मला आली न्हाई.