पश्चिमेची भिंत पोकळच ठेवावी

मी, सिद्धांत त्रिंबक शिवशरण, वय २३, शुक्रवार पेठ, सोलापूर, स्थापत्य पदविका अर्धवट सोडलेला, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, हे लिहून ठेवतो. उद्या माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन आहे. डॉक्टर "किरकोळ आहे" असं तीनदा म्हणाले. एकदाच म्हणाले असते तर विश्वास बसला असता.

१. घर आई नागूबाई यांच्याच नावावर आहे, ते मी काय देणार? पण त्यांच्या खोलीची पश्चिमेची भिंत मी पाडली आहे आणि नवी छातीइतकी आली आहे. ती पुरी व्हावी, हाच या मृत्युपत्राचा हेतू. जुनी भिंत एकेरी, भरीव सिमेंट ब्लॉकची. दिवसभर ऊन प्यायची आणि आई झोपायला गेली की आत ओकायची. गेल्या मे महिन्यात आई तिथंच चक्कर येऊन पडली.

२. नवी भिंत म्हणजे चार इंची विटांच्या दोन भिंती, मध्ये दोन इंच पोकळी. उष्णता त्या हवेत अडते. बाहेरून चुना मारावा. येडू मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी ती पोकळी वीटतुकडे आणि मसाला घालून ठासून भरली. मी थापी हिसकावली. मला वाटलं, ब्लॉक विकणाऱ्या सुमितनंच फितवलंय.
मिस्त्री म्हणाले, "पोकळ भिंत? लोक म्हणतील, येडूनं माल खाल्ला. तीस वर्सं भरीव काम केलंय की मी!"
म्हणजे इमानदारीनंच वाट लावली. भरलेलं सगळं मी उकरून काढलं आहे. तरी माझ्यामागं रोज पोकळीत काठी घालावी. ती तळाला लागलीच पाहिजे.

३. मोटारसायकल बहीण बुद्धप्रिया हिला. सुमितला काही नाही. त्यानं दिलेला नमुन्याचा ब्लॉक त्यानं स्वतः उचलून न्यावा.

४. दोन थर्मामीटर आणि नोंदवही माझ्या वर्गातली प्रतिक्षा हिला. ही भिंत तिच्याच प्रोजेक्टमधली. सर तिला वर्गात हसले, मी सरांशी भांडून कॉलेज सोडलं. ती म्हणाली, "मी सांगितलं होतं का?" आणि पास झाली. तिनं दुपारी तीनला येऊन आतलं-बाहेरचं तापमान लिहावं. सुमितला सोबत आणू नये. शनिवारी ती त्याच्या दुकानात अर्धा तास होती. कशाला?

ताजा कलम: प्रतिक्षा आत्ता दवाखान्यात आली, हा कागद हिसकावून वाचला. म्हणाली, "दोन भिंती बांधून ठेवायच्या सळ्या आणायला गेले होते, येड्या. तुझ्याच भिंतीच्या. तू विसरलास." मी खरंच विसरलो होतो.
मग पेन मागितलं. मी म्हटलं, ज्याला काही मिळणार त्यानं साक्षीदार राहू नये म्हणतात.
"म्हणूनच करते सही. वही नको मला. तीनला तूच यायचं लिहायला."

सबब कलम ४ रद्द. बाकी कायम. काठीचं विसरू नये.

सही: सिद्धांत त्रिंबक शिवशरण

साक्षीदार:
१. प्रतिक्षा आबासाहेब सरवदे
२. येडू बिरुदेव वाघमोडे, गवंडी. (काठी घालून बघितली. तळापत्तुर मोकळी हाय.)

सोलापूर, १२ मे २०२५