बोर्डावर काय लिहायचं?

२ मे, सकाळी ७
बँकेतून रिटायर होऊन दोन दिवस झाले. ठरलं. १६ जूनला शाळा उघडतात, त्याच दिवशी आपली इंग्रजीची शिकवणी सुरू. पुढची खोली, दहा मुलं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये जाहीरही करून टाकलं, आता माघार नाही. फक्त इंग्रजी नाव बाकी. आधी बोर्ड, मग ॲडमिशन. उद्यापर्यंत सुचेल.

९ मे
'ट्यूशन' बाद. ढ मुलांसाठी वाटतं. 'क्लासेस' कोथरूडमध्ये दर जिन्यात आहेत. 'कोचिंग' म्हटलं की शिट्टी आणि हाफ पँट आठवते.
समोरच्या फ्लॅटमधली ऋतिका इंग्रजीचं पुस्तक घेऊन आली. काही अडलं होतं. बोर्ड नसताना शिकवणं माझ्या तत्त्वात बसत नाही. स्वयंपाकघरात हिच्याकडे पाठवली.

१८ मे
'अकॅडमी' पक्कं!
संध्याकाळी रद्द. पूर्णिमा म्हणाली, अहो, मग मैदान कुठाय? बायकोला कल्पनाशक्ती नाही.

२७ मे
ऋतिकाने सलोनी नावाची मैत्रीण आणली. स्वयंपाकघरात गवार मोडता मोडता टेन्स चालतात. याला शिक्षण म्हणत नाहीत. पण चालू दिलं. मोठ्या मनाचा आहे.

४ जून, दुपारी
'ट्यूटोरियल' जुनाट. 'इन्स्टिट्यूट'ला निदान लिफ्ट तरी हवी.
दारात चपलाच चपला. अडखळलो, आणि डोक्यात आलेला चांगला शब्द गेला. हिला कडक शब्दांत सांगितलं. ती म्हणाली, तेवढ्या नीट लावून ठेवता का. लावल्या.

१० जून
सुचलं! 'हिंमतराव्ज एन्‌रिचमेंट स्टुडिओ'. हिने विचारलं, मुलांनी आईला काय सांगायचं, एन्‌रिचमेंट करून येतो? सांगतील की.
नारायण पेठेतल्या श्रीधर बोर्डवाल्याकडे गेलो. म्हणाला, अक्षरं मावतील साहेब, अर्थासाठी वेगळा बोर्ड करायचा का? दुर्लक्ष केलं. चार फुटी ऑर्डर दिली.

१४ जून
स्वयंपाकघरात मुलं मावेनात. हिने पुढची खोली मागितली. दोन दिवसांपुरती दिली.

१६ जून, दुपारी ४
बोर्ड आला. देखणा! लगेच ॲडमिशनसाठी सोसायटीत फिरलो. सहा घरं झाली. प्रत्येक आईचं तेच, आमची जाते की काकूंकडे. कुठल्या संस्थेत, कसला कोर्स, काही नाही. नुसतं 'काकूंकडे'. जिन्यात जरा बसलो. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू.
घरी येऊन खोलीतली मुलं मोजली. दहा! माझा अंदाज अचूक होता.

संध्याकाळी ६.३०
हिने बोर्ड उलटा करून खुर्चीवर ठेवला. मागची बाजू पांढरीशुभ्र, मार्कर छान उमटतो म्हणे. फक्त बोर्ड सारखा घसरतो, धरायला माणूस लागतो. तासभर धरला. ऋतिका म्हणाली, काका, हलवू नका ना.
उद्यापासून पाचला हजर राहायला सांगितलंय मला. उशीर चालणार नाही म्हणे.